वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्यांचा कुत्रा आणि आपली बाग

बागेविषयीच्या या सदरात खते, कीड आणि पाणी यांचीच चर्चा सहसा होते. या वेळी मात्र निवडलेल्या सगळ्या पत्रांत एकच तक्रार आहे आणि तिचा झाडांशी जेवढा संबंध आहे, त्याहून अधिक माणसांशी आहे. म्हणून उत्तरेही नेहमीपेक्षा थोडी मोकळेपणाने दिली आहेत.

प्रश्न : आमचे रो-हाऊस ओळीतले शेवटचे असल्यामुळे पुढे आणि बाजूला मिळून लहानशी बाग आहे. शेजाऱ्यांनी वर्षभरापूर्वी लॅब्राडोर जातीचा कुत्रा आणला. पहाटे त्यांचे फाटक उघडते, कुत्रा एकटाच बाहेर येतो, आमच्या कुंपणाच्या मोडक्या कोपऱ्यातून आत शिरतो आणि दूर्वांच्या पट्ट्यात शी करून परत जातो. आम्ही तिथल्या दूर्वा देवासाठी खुडणे बंद केले आहे. लागूनच मेथी-कोथिंबिरीचा वाफा आहे. शेजारी सज्जन आहेत, माझ्या आजारपणात त्यांनी बरीच धावपळ केली होती, त्यामुळे बोलायचा संकोच वाटतो. यजमान म्हणतात की सरळ महापालिकेकडे तक्रार करावी. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : यजमानांचा संताप रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला मार्ग उपयोगाचा नाही. महापालिकांचे स्वच्छताविषयक उपविधी आणि त्यांखालील दंड हे मुख्यतः रस्ते, पदपथ, उद्याने अशा सार्वजनिक जागांसाठी असतात. तुमच्या खासगी अंगणातल्या दूर्वांच्या पट्ट्यासाठी स्वच्छता निरीक्षक पावती फाडायला येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यातून उरेल ते एवढेच, की तुम्ही घरी येऊन एक शब्द न बोलता कार्यालयात गेलात, हे शेजाऱ्यांना कळेल.

तुमच्या पत्रातून माझी अशी समजूत झाली आहे की शेजाऱ्यांना हा प्रकार ठाऊकच नसावा. कुत्रा पहाटे एकटा सुटतो आणि पाच-दहा मिनिटांत परत येतो. तो कुठे जाऊन आला हे फाटक उघडणाऱ्याने पाहिलेले नसते आणि फाटक उघडणारी व्यक्ती बहुधा घरातली नसून कामाला येणारी असते. ज्यांनी तुमच्यासाठी दवाखान्याच्या खेपा घातल्या, त्यांच्यापुढे ही गोष्ट मांडण्यात कृतघ्नपणा नाही. उलट वर्षभर मनात ठेवून एखाद्या दिवशी भलत्याच कारणावरून स्फोट होणे अधिक वाईट.

बोलायला संध्याकाळी, त्यांच्या घरी, दोघांनी जावे. फाटकावर उभ्या-उभ्या, इतर शेजारी ऐकत असताना किंवा गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर हा विषय काढू नये; चारचौघांत दोष दाखवला की सज्जन माणूसही आधी स्वतःचा बचाव करतो आणि नंतर विचार करतो. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे पहिल्या भेटीत दाखवण्याची गरज नाही. ‘‘वहिनी, तुमचा कुत्रा पहाटे सुटला की आमच्या दूर्वांत येऊन शी करून जातो. भाजीचा वाफा शेजारीच आहे. त्याला पट्टा लावून कुणीतरी बरोबर जाईल असे करता येईल का?’’ एवढे पुरेसे आहे. ‘‘जरा लक्ष ठेवा’’ असे मोघम सांगितले, तर समोरचा ‘‘हो हो’’ म्हणतो आणि काहीच बदलत नाही. मागणी नेमकी असेल तर ती पाळली गेली की नाही, हे दोघांनाही कळते. कुत्र्याला झोपेतून उठल्यावर आणि खाणे झाल्यावर थोड्याच वेळात शौचाची भावना होते, तेव्हा त्या दोन वेळा कुणी त्याच्याबरोबर राहिले, तर दिवसभर पहारा ठेवावा लागत नाही, हेही त्यांना जाता जाता सांगावे.

आता तुमच्या बाजूचे काम. कुंपणाचा मोडका कोपरा आधी बुजवा. दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी आपण खर्च का करायचा, हा प्रश्न मनात येईल आणि तो न्याय्यही आहे. पण ती भेट कितीही गोड झाली तरी पहाटेच्या अंधारात कुत्र्याला ती आठवणार नाही. साखळी जाळी जमिनीच्या वरच थांबली तर कुत्रा खालून उकरून येतो, म्हणून तिची खालची कड वीतभर मातीत गाडावी किंवा कडेने विटांची ओळ बसवावी. फाटकाखाली फट असेल तर तीही पाहावी. जिवंत कुंपण हवे असेल तर करवंद किंवा काटेकोरांटी लावता येईल. दोन्ही आपल्या हवेत कमी पाण्यावर तगतात, मात्र ती दाट व्हायला वेळ लागतो आणि तोवर जाळी लागतेच. कण्हेर मात्र त्या कडेला लावू नये. तिचे सगळे भाग विषारी असतात आणि उद्या कुत्र्याला काही झाले तर बोट तुमच्याकडे दाखवले जाईल.

जाळीइतकेच महत्त्व वासाला आहे. कुत्रा पुन्हा पुन्हा त्याच जागी जातो, कारण ती जागा त्याला वासाने ओळखता येते, आणि हिरवळीवर जायची सवय लागलेला कुत्रा फरशीवर सहसा बसत नाही. म्हणून शी नुसती उचलून भागत नाही; खुरप्याने तिच्याबरोबर बोटभर जाडीची वरची माती काढावी आणि जागेवर भरपूर पाणी ओतावे. लघवीने पिवळ्या पडलेल्या ठिकाणीही पाणी हाच उपाय आहे, कारण गवत जळते ते लघवीतील नत्र आणि क्षार एकाच जागी साचल्यामुळे, आणि लगेच पाणी दिले तर तेच नत्र पातळ होऊन निघून जाते. फिनेल ओतू नये. ते मुळांना घातक असते, आणि अमोनिया असलेली साफसफाईची द्रव्ये तर कुत्र्याला लघवीच्या वासाची आठवण करून देतात.

दूर्वा आणि भाजी यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण किळस वेगळी आणि धोका वेगळा, आणि लोक पहिलीला घाबरतात व दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. कुत्र्याच्या विष्ठेतून येणाऱ्या जंतांपैकी दोन आपल्याला त्रास देतात. टोक्सोकारा या गोलकृमीची अंडी विष्ठा पडल्या दिवशी संसर्गक्षम नसतात. मातीत ती तशी व्हायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, पण त्यानंतर ती महिनोन् महिने, कधी वर्षांहून अधिक काळ टिकतात. याचा सरळ अर्थ असा, की त्याच दिवशी उचललेली शी फारशी घातक नसते. पावसात विरघळून दिसेनाशी झालेली शी मात्र असते. आकडकृमीच्या अळ्या याहून लवकर, ओल्या उबदार मातीत आठवड्याभरातच तयार होतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात. तिथे वळणावळणाची, भयंकर खाजणारी लाल रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर घरगुती लेप न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. औषधाने ती बरी होते. तेव्हा पावसाळ्यात बागेत अनवाणी फिरू नये, खुरपणी करताना हातमोजे घालावेत आणि नातवंडांना त्या कोपऱ्यातल्या मातीत खेळू देऊ नये.

सध्याच्या वाफ्यातली कोथिंबीर कच्ची खाऊ नये. मुळा, गाजर यांनाही तोच नियम लावावा. तिथे एखादे वर्ष झेंडू, शेवंती, अबोली अशी फुलझाडे घ्यावीत आणि पालेभाजी उंच कुंड्यांत किंवा गच्चीवर हलवावी. दूर्वांसाठी जुन्या पट्ट्याचा मोह सोडून रुंद पसरट कुंडीत नवी माती भरावी आणि कडेच्या स्वच्छ जागेतल्या दूर्वांची मुळे पाण्याखाली नीट धुऊन तिथे लावावीत. पावसाळ्यात दूर्वा चटकन पसरतात.

एवढे करूनही प्रकार थांबला नाही तर दुसरी भेट घ्यावी आणि त्या वेळी तारखा व छायाचित्रे जवळ असू द्यावीत. त्यानंतर लेखी पत्र. कॅमेरा लावणार असाल तर त्याचे तोंड स्वतःच्या वाफ्याकडे असावे, त्यांच्या खिडकीकडे नव्हे. पुढची पायरी म्हणजे वकिलाची नोटीस नाही. तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो आणि दोन्ही पक्षांना बोलावून तडजोड घडवली जाते. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. अगदी शेवटी, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मधील कलम ३८ खाली कायमच्या मनाईसाठी दिवाणी दावा लावता येतो. कायदा तुमच्या बाजूचा असला तरी दूर्वांच्या पट्ट्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्यात असे मी सुचवणार नाही.

फौजदारी कायद्याचा धाक घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही दूर ठेवावा. भारतीय न्याय संहितेतील कलम २९१ प्राण्याच्या बाबतीतल्या निष्काळजीपणाविषयी आहे, परंतु ते मनुष्याच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल तेव्हा लागू पडते; कुत्रा अंगावर धावत असेल तर त्याचा विचार करता येईल, शीसाठी नव्हे.

प्रश्न : आम्ही सोसायटीत तळमजल्यावर राहतो. आमच्या खिडकीखालच्या मोकळ्या पट्ट्यात मी स्वखर्चाने बाग केली आहे. वरच्या मजल्यांवरचे तीन कुत्रे तिथेच फिरवले जातात आणि कुणीही शी उचलत नाही. कार्यकारिणी आता प्रत्येक वेळी हजार रुपये दंड आणि कुत्र्यांना लिफ्टबंदी असा ठराव करणार आहे. तो टिकेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : या स्वरूपात टिकणे कठीण आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये निवासी संघटनांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टचा वापर नाकारता येत नाही आणि कायद्याचा आधार नसलेला दंडही बसवता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनी शी उचलावी अशी विनंती करायला मात्र मुभा आहे. तेव्हा कार्यकारिणीने दंडाची भाषा सोडून व्यवस्थेची भाषा करावी : आवाराच्या एका कोपऱ्यात वाळूचा चौकोन, तिथे झाकणाची कचरापेटी, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि पाण्याचा नळ. तीन कुत्र्यांसाठी एवढी सोय करायला फारसा खर्च येत नाही आणि ‘‘मग न्यायचे कुठे?’’ हा मालकांचा युक्तिवाद संपतो. सफाई कामगाराने शी उचलावी असे मात्र ठरवू नये. ते मालकाचे काम आहे.

तुम्हाला एक अप्रिय गोष्टही सांगणे भाग आहे. खिडकीखालचा पट्टा तुम्ही कसला, तरी तो बहुतेक सोसायटीच्या सामाईक मालकीचा असतो. ‘माझ्या बागेत’ असे म्हणून भांडण मांडले तर समोरचा मालकी हक्काचा मुद्दा काढेल आणि मूळ विषय बाजूला पडेल. ‘सामाईक जागेत घाण होते’ असे मांडावे आणि त्या पट्ट्याची निगा राखण्याची लेखी परवानगी याच सभेत मागून घ्यावी.

आवाराबाहेर, रस्त्यावर, चित्र वेगळे आहे. बृहन्मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता व आरोग्य उपविधींनी पाळीव प्राण्याची विष्ठा उचलणे ही मालकाची जबाबदारी ठरवली, तिची विल्हेवाट शक्यतो स्वतःच्या शौचालयातून लावावी असे सुचवले आणि न उचलणाऱ्यास ५०० रुपये दंड ठेवला. तुमच्या महापालिकेचे सध्याचे दर प्रभाग कार्यालयात मिळतील. ते फलकावर लिहून फाटकाजवळ लावायला कुणाची हरकत असू नये.

प्रश्न : फाटकाशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, मिरचीपूड टाकली, डांबरगोळ्याही टाकून पाहिल्या. कुत्रे येतातच. एक परिचित म्हणतात, भाकरीत काहीतरी कालवून ठेवा. दुसरे म्हणतात, शेणासारखेच ते, वाफ्यात पुरून टाका, खत होईल.
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाकरीत काही कालवण्याचा सल्ला देणाऱ्यांपासून सावध राहावे. प्राण्याला विष घालून मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती भाकरी कुत्रा खाईल की शेजारचे पोर उचलेल, हे कुणाच्या हाती नसते. डांबरगोळ्यांबाबतही तेच, त्या कुत्र्यांना आणि लहान मुलांना विषारी आहेत, आज हातमोजे घालून वेचून काढाव्यात.

रंगीत पाण्याच्या बाटल्या गावोगावच्या ओट्यांवर दिसतात, आणि त्यांच्याच आडोशाला निवांत झोपलेले कुत्रेही दिसतात. याहून अधिक लिहायला नको. मिरचीपूड पहिल्या पाण्याने वाहून जाते आणि तोवर प्राण्याच्या नाकाडोळ्यांना विनाकारण जाळते. कुत्र्याला पायाखाली जे टोचते किंवा डळमळते ते आवडत नाही, म्हणून मोकळ्या मातीवर जाड खडी, नारळाच्या करवंट्यांचे तुकडे किंवा छाटणीच्या काटक्या पसराव्यात. नुकताच भुसभुशीत केलेला रिकामा वाफा हे त्याला खास आमंत्रण असते. पेरणी झाली की वर जाळी अंथरावी.

खताचा सल्लाही चुकीचा आहे. गाय चारा खाते, कुत्र्याच्या आहारात मांस आणि प्रथिने अधिक असतात आणि त्याच्या विष्ठेतले जंत व जिवाणू माणसाला बाधतात. घरच्या खतखड्ड्यात त्यांची अंडी मरतील इतकी उष्णता खात्रीने निर्माण होत नाही. ती शौचालयात टाकावी, पिशवीशिवाय.

तुमच्या पत्रावरून हे कुत्रे पाळीव आहेत की मोकाट, हे स्पष्ट होत नाही. मोकाट असतील तर जवळपास कुणी खायला घालते का ते पाहावे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांची खेळण्याची ठिकाणे यांपासून दूर असली पाहिजे आणि ती जागा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी खाऊ घालणाऱ्यांवर आहे. पाट हलला की कुत्रेही हलतात.

प्रश्न : मुलाचे घर इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. तिथे दंड कडक आहे असे ऐकून होतो, तरी शेजाऱ्याचा कुत्रा मागच्या अंगणात येऊन घाण करतो आणि नगरपरिषद लक्ष घालत नाही, असे तो सांगतो. हे कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिथेही कडक दंड आहे तो सार्वजनिक जागेपुरता. २०१४ च्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्याखाली स्थानिक परिषदा सार्वजनिक जागांसाठी आदेश काढतात आणि शी न उचलणाऱ्यास जागच्या जागी १०० पौंडांपर्यंत दंड करता येतो. खासगी अंगण त्यात येत नाही. मात्र वर्तन अवाजवी असेल, सतत चालू असेल आणि परिसरातील लोकांच्या राहणीमानावर त्याचा वाईट परिणाम होत असेल, तर त्याच कायद्यात परिषदेला त्या व्यक्तीस आधी लेखी ताकीद व नंतर नोटीस देण्याची तरतूद आहे. मुलाने तारीखवार नोंद ठेवावी आणि ‘दंड करा’ असे न म्हणता या नोटिशीसाठी अर्ज करावा. कुंपणाची फळी सैल असेल तर ती मात्र तिथेही आधीच ठोकून घ्यावी.

प्रश्न : मी आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहीत आहे. आमची कुत्री तेरा वर्षांची आहे, तिला आता धरवत नाही. फिरवायला येणारा मुलगा घाईत असतो आणि शेजाऱ्यांच्या भिंतीबाहेरच्या झाडांच्या पट्ट्यात ती बसते. शेजाऱ्यांनी दोनदा ती शी कागदात गुंडाळून आमच्या पायरीवर आणून ठेवली. अपमान वाटला. कुत्रीचा काय दोष?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कुत्रीचा काहीच दोष नाही आणि तिच्यावर कुणी आरोपही केलेला नाही. तुमच्या पायरीवर कागद आणून ठेवणाऱ्यांनी शोभेसे केले नाही. पण त्यांनी ती शी आधी उचलली, जे तुमच्याकडून व्हायला हवे होते, हेही लक्षात घ्यावे. अपमान झाला म्हणून अबोला धरू नये. आज संध्याकाळी जाऊन ‘‘काका, चूक आमची आहे, यापुढे तो मुलगा पिशवी घेऊन जाईल’’ असे सांगावे आणि त्या पट्ट्यातली झाडे खराब झाली असतील तर रोपवाटिकेतून नवी आणून द्यावीत.

फिरवणाऱ्या मुलाशी व्यवहार स्पष्ट ठेवावा. त्याला पैसे फेरफटक्याचे मिळतात आणि शी उचलायची असते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते, असे अनेक घरांत आढळते. पिशव्यांची गुंडाळी पट्ट्याला अडकवून द्यावी, परत आल्यावर भरलेली पिशवी दाखवायला सांगावे आणि या कामासाठी मोबदला थोडा वाढवावा.

वृद्ध कुत्र्यांना एका लांब फेरीपेक्षा दिवसातून चार-पाच लहान फेऱ्या मानवतात. स्वतःच्या अंगणात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवून त्यात हिरवळीचा तुकडा अंथरला, तर तेराव्या वर्षीही सवय लावता येते. पहिले काही दिवस तिची शी लागलेला कागद तिथे ठेवावा, म्हणजे जागा तिला वासाने कळते. अचानक धरवेनासे झाले असेल तर ते वयावर ढकलू नये; मूत्रपिंड, मधुमेह, पाठीचे मणके यांपैकी काहीही कारण असू शकते, तेव्हा पशुवैद्यांना दाखवावे. त्याच भेटीत जंतांचे औषध द्यावे, पुढे ते साधारण दर तीन महिन्यांनी चालू ठेवावे आणि रेबीजच्या लसीची व या औषधाची नोंद असलेले कार्ड शेजाऱ्यांना मागण्याआधीच दाखवावे. त्यांच्या घरी लहान मूल असेल तर आणून दिलेल्या रोपांपेक्षा त्यांना त्याचेच मोल अधिक वाटेल.